रात्री नळापर्यंत चालत गेलेली बाई

आदरणीय ताई,

मी एका ट्रस्टच्या रुग्णालयात तीन वर्षं मेडिकल सोशल वर्कर आहे. पंधरा दिवसांपूर्वी आमच्याकडे एक बाई भरती झाली, वय बत्तीस. डावा पाय अचानक लुळा पडला म्हणून आणली होती. एमआरआय, रक्त, सगळं नॉर्मल. नवरा मजुरी करतो, बिल भरायची ऐपत नाही. मी तिला गरीब रुग्ण निधीत बसवलं आणि उरलेल्या अठरा हजारांसाठी एका वयस्क देणगीदार बाईंच्या घरी दोनदा जाऊन आले. मग एका रात्री पावणेतीनला सिस्टरनी पाहिलं, ती बाई कोणाच्या आधाराशिवाय उठली, पॅसेजमधल्या नळावर बाटली भरली आणि परत येऊन झोपली. सकाळी राउंडला सगळे हसले. एक रेसिडेंट म्हणाला, "मॅडम, तुमच्या पेशंटला नाटकात घ्या." तेव्हापासून मी तिच्या कॉटकडे फिरकलेले नाही.

त्याच आठवड्यात दुसरा धक्का बसला. डायलिसिसची फाइल घेऊन आलेल्या एका माणसाला मी दोन ट्रस्टसाठी पत्रं दिली होती. ती फाइल दुसऱ्याच पेशंटची निघाली. नावावर कागद चिकटवून झेरॉक्स काढलेली होती.

परवा एक आजोबा आले, हातात नुसत्या झेरॉक्स. मी म्हटलं, ओरिजिनल आणल्याशिवाय काही होणार नाही. ते काही न बोलता उठून गेले. संध्याकाळी ओपीडीच्या डॉक्टरांनी विचारलं, "छातीत पाणी झालेले आजोबा पाठवले होते, त्यांचं काय केलंत?"

आमचे वरिष्ठ म्हणतात, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. मला ते पटतं. पण आता समोर बसलेला प्रत्येक माणूस मला खोटा वाटायला लागलाय. काय करू?

तुमची, एक धाकटी सहकारी

*

तू मला ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी तीस वर्षं गेली. तुझं पत्र वाचताना तो वॉर्ड, तो राउंड, तो पॅसेजमधला नळ, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं.

सगळ्यात आधी त्या आजोबांचं बघ, माझं पत्र नंतर वाच. ओपीडीच्या रजिस्टरला त्यांचं नाव, गाव, वय असेल. मोबाइल नंबर बहुतेक मुलाचा नाहीतर शेजाऱ्याचा असेल. फोन कर. नाहीच लागला, तर त्यांच्या गावाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करून आशाताईचा नंबर घे. वाडीतला छातीत पाणी झालेला म्हातारा आशाताईला ठाऊक नाही, असं सहसा होत नाही. आपल्याकडे छातीत पाणी झालं की पहिला संशय क्षयाचा येतो. क्षय निघाला तर सरकारी यंत्रणेत तपासणी आणि औषधं मोफत आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. म्हणजे ज्या कागदापायी ते उठून गेले, त्या कागदाची कदाचित गरजच पडली नसती. तुला टोचावं म्हणून हे लिहीत नाही. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यायलं जातं, पण तुझ्या टेबलावर ते ताक म्हणजे एक जिवंत माणूस होता, एवढंच लक्षात राहावं म्हणून लिहिलं.

झालं का बोलणं? आता पुढे वाच.

त्या आठवड्यात तुझ्यासमोर दोन माणसं आली आणि दोघांनाही तू 'खोटी' या एकाच खणात टाकलंस. एकाने कागद खोटा केला. दुसरीच्या अंगावरचं दुखणं खोटं आहे असं लोक म्हणतात. या दोन गोष्टी एकमेकींपासून लांबच्या आहेत, आणि दोन्हींवर एकच उपाय लावलास म्हणून मधल्यामध्ये आजोबा रिकाम्या हातांनी परत गेले. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असंच.

आधी बाईचं. तिने नाटक केलं, हे तुला कोणी सांगितलं? सिस्टरनी काय पाहिलं ते सांगितलं, ते खरंच असणार. नाइटच्या सिस्टर जे पाहतात ते दिवसा कोणाला दिसत नाही. पण ती चालली, ही झाली नोंद. ती नाटक करते, हा झाला निष्कर्ष, आणि तो राउंडच्या हशात काढलेला आहे. तुझ्या पत्रात न्यूरॉलॉजिस्टचं मत नाही, मानसोपचारतज्ज्ञांचं मत नाही.

मी डॉक्टर नाही, पण इतकी वर्षं डॉक्टरांच्या मागे राउंड घेतल्यावर एक खूण मला पक्की माहीत झाली आहे. पेशंटला उताणं झोपवतात, लुळ्या पायाच्या टाचेखाली हात ठेवतात आणि म्हणतात, पाय खाली दाबा. पाय दबत नाही. मग म्हणतात, आता चांगला पाय वर उचला. ती चांगला पाय उचलायला लागते आणि त्याच क्षणी लुळ्या पायाची टाच डॉक्टरांच्या तळहातावर जोरात दाबली जाते. तिच्या नकळत. चार्ल्स हूव्हर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९०८ मध्ये ही खूण लिहून ठेवली. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मलाही वाटलं होतं, पकडली हिला! आमच्या युनिटच्या सरांनी बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन सांगितलं की यात पकडण्यासारखं काही नाही. नस शाबूत आहे, स्नायू शाबूत आहे, पण 'मी पाय हलवते' असं ठरवून सोडलेला हुकूम पायापर्यंत पोचत नाही. लक्ष दुसरीकडे असलं की पाय आपसूक हलतो. याला आता 'फंक्शनल' म्हणतात. पूर्वी हिस्टेरिया म्हणायचे, आणि तो शब्द आला की पेशंटची अब्रू गेलीच.

त्यामुळे रात्री पावणेतीनला, अर्धवट झोपेत, तहानेने उठलेली बाई नळापर्यंत जाते आणि सकाळी दहाला पंधरा जणांसमोर "चाला बघू" म्हटल्यावर तिचा पाय उचलत नाही, याला लबाडीच म्हणायला हवं असं नाही. तुझ्या पेशंटला हेच झालंय, असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण हे झालेलं नाही, असंही तुमच्या वॉर्डात अजून कोणी तपासलेलं नाही.

गावात बाईच्या अंगात येतं तेव्हा आजूबाजूच्या जाणत्या बायका काय करतात, आठव. खरं आलंय की खोटं, हे कोणी विचारत नाही. ती काय बोलते, ते कान देऊन ऐकतात, कारण एरवी चार माणसांत जे तिच्या तोंडून निघालं नसतं ते आता निघतं, हे त्यांना ठाऊक असतं. मी अंगात येण्याची भलामण करत नाही. पण ऐकण्याची ही समज आपल्या आज्यांकडे होती आणि समाजकार्याची पदवी, एमएसडब्ल्यू, करून आलेल्या आपल्याकडे राउंडच्या हशात ती टिकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माझी स्वतःची एक चूक सांगते. एक हमाल होता, चाळिशीतला. सकाळी ठणठणीत, संध्याकाळ झाली की पापण्या मिटायला लागायच्या, हातातला ग्लास उचलायचा नाही, बोलणं अडखळायचं. वॉर्डात सगळे म्हणायचे, याचं सोंग पाचच्या ठोक्याला सुरू होतं. मीही माझ्या नोंदीत लिहिलं, "कामाची टाळाटाळ करण्याकडे कल दिसतो." माझ्याच अक्षरात. त्याला सोडलं. चारेक महिन्यांनी तो दुसऱ्या एका रुग्णालयातून आमच्याकडे परत पाठवला गेला, श्वासाचे स्नायू थकलेले, व्हेंटिलेटरवर घ्यावा लागला. मायस्थेनिया ग्रेव्हिस. त्या आजाराची रीतच अशी असते, विश्रांतीनंतर माणूस बरा दिसतो आणि दिवस चढत जातो तसा गळत जातो. तो वाचला. त्याच्या बायकोने माझी ती नोंद कोणाकडून तरी वाचून घेतली होती. ती मला काही बोलली नाही. मी तेव्हापासून केसपेपरवर कोणाच्याही मनातलं लिहिलं नाही.

म्हणून तुला सांगते, नोंद कर ती अशी: "रात्री २.४५ वाजता पेशंट आधाराशिवाय नळापर्यंत चालत गेल्याचे ड्यूटीवरील सिस्टरनी पाहिले. मानसोपचार विभागाचे मत घ्यावे, अशी विनंती." एवढंच. 'नाटकी', 'सहकार्य करत नाही', 'बनाव' हे शब्द लिहू नकोस आणि कोणाला लिहूही देऊ नकोस. केसपेपरवरचा शब्द पेशंटच्या मागे पुढच्या दवाखान्यात जातो, आणि तिथले लोक तिच्याकडे बघण्याआधी तो शब्द वाचतात.

आता तू म्हणशील, ताई, मुद्दाम करणारेही असतात की. असतात. मी पाहिले आहेत. त्यातही दोन तऱ्हा आहेत. काहींना आजारपणातून काही हवं असतं, म्हणजे रजा, पैसे, कोर्टाची तारीख, तुरुंगातून चार दिवस सुटका. आजाराच्या आंतरराष्ट्रीय यादीत याला आजार म्हणून जागा नाही, नुसता नोंदीपुरता एक क्रमांक आहे. दुसऱ्यांना बाहेरचं काहीच नको असतं. त्यांना पेशंट असणंच हवं असतं, खाट, सलाइन, कोणीतरी येऊन कपाळाला हात लावणं. त्यासाठी ते स्वतःला इजासुद्धा करून घेतात. रिचर्ड अॅशर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १९५१ मध्ये अशा पेशंटांवर पहिल्यांदा नीट लिहिलं आणि थापाड्या म्हणून गाजलेल्या जर्मन सरदाराचं, मुंखहाउझेनचं, नाव त्याला दिलं. नाव गमतीचं असलं तरी दुखणं गमतीचं नाही. हा मनाचा खराखुरा आजार आहे, आणि असे लोक अनावश्यक ऑपरेशनं करून घेऊन त्यापायी मेलेलेही आहेत.

आणि जाणूनबुजून करणारा माणूस भेटला, तरी आपलं काम तिथे संपत नाही, सुरू होतं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. काचेचे पाऱ्याचे थर्मामीटर होते. एक विशीतली सून तापासाठी भरती होती. तिसऱ्यांदा डिस्चार्ज ठरला आणि तिसऱ्यांदा ताप चढला, १०५. चार्टवर तापाची रेघ छताला टेकलेली आणि खाली नाडी ७६. इतक्या तापात नाडी अशी सावकाश चालणं कठीण, ते हाउसमनच्या, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरच्या, लक्षात आलं. वॉर्डातल्या मावशींनी सांगून टाकलं, "चहाच्या पेल्यात बुडवते ती." मला इतका राग आला! तिच्या औषधांसाठी मी दारोदार फिरले होते. जाब विचारायलाच निघाले होते, पण जाता जाता चार्ट हातात घेतला आणि तारखा पाहिल्या. ताप फक्त डिस्चार्जच्या दिवशी. मग मी तापाचं काही विचारलंच नाही. तिच्या शेजारी बसून विचारलं, "घरी सकाळी उठल्या उठल्या पहिलं काम काय असतं गं तुला?"

ती म्हणाली, "दीर उठायच्या आत अंघोळ उरकावी लागते. न्हाणीला दार नाही."

एवढंच. मला पुढचं विचारावं लागलं नाही. तिच्या भावाला बोलावून घेतलं, ती इथूनच माहेरी गेली. त्या दिवशी ताप आला नाही. तेव्हा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा नव्हता, तो २००५ चा. आज तुझ्या जिल्ह्यात संरक्षण अधिकारी आहेत, त्यांचा नंबर तुझ्या टेबलाच्या काचेखाली असायला हवा. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र काढलं, ते याच समजुतीवर उभं आहे की मार खाणारी बाई पोलीस ठाण्यात जाण्याच्या कितीतरी आधी दवाखान्यात येते. कधी "जिन्यावरून पडले" म्हणून, कधी "सगळं अंग दुखतंय" म्हणून.

आणि जिन्यावरून पडले, हीही थापच ना? फक्त उलट्या दिशेची. मला तुला हे मनापासून सांगायचंय, की तीस वर्षांत मी आजार रचणारे जेवढे पाहिले त्याच्या कितीतरी पट आजार लपवणारे पाहिले. मुकादमाची उचल फिटेपर्यंत पोटातलं दुखणं कोणाला न सांगणाऱ्या ऊसतोडणीच्या बायका. कामावरून काढतील म्हणून खोकला दाबणारा हॉटेलातला पोऱ्या. मुलीचं लग्न ठरेपर्यंत अंगावरचा चट्टा झाकणारा बाप. त्यांच्या खोटेपणावर राउंडला कोणी हसलं नाही, कारण त्याचा खर्च आपल्याला आला नाही, त्यांना आला.

आता पैशाचं बोलू, कारण तुझा राग तिथे आहे. तू तिला मदत कशावर दिलीस? पाय लुळा आहे म्हणून, की पैसे नाहीत म्हणून? मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने धर्मादाय रुग्णालयांना योजना लागू झाली. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि त्यासाठी इतर रुग्णांच्या बिलांतले २ टक्के वेगळे काढून गरीब रुग्ण निधी. यातली पात्रता उत्पन्नावर ठरते. निदान कोणतं निघालं, यावर नाही. तिचा एमआरआय झाला, तो खरा. बिल खरं. नवऱ्याची मजुरी खरी. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपण म्हणतो ना? मग तिने तुझं काय लुबाडलं? निधीतला एक रुपयाही चुकीच्या जागी गेलेला नाही. त्या देणगीदार बाईंकडे जा आणि सरळ सांग, की तपासण्यांत नसेचा बिघाड निघाला नाही, मानसोपचाराचं मत घेतो आहोत, पैसे बिलातच गेले, ही पावती. मला खात्री आहे, त्या तुझ्याइतक्या दुखावल्या जाणार नाहीत.

फाइलवाल्याचं मात्र वेगळं. तिथे तुझा राग योग्य आहे, आणि तिथे हळवी होऊ नकोस. तो ज्याची फाइल घेऊन फिरला तो खरा डायलिसिसचा पेशंट कुठेतरी आहे. उद्या तो त्याच ट्रस्टकडे जाईल आणि तिथला कारकून म्हणेल, "या केसला मदत देऊन झाली." म्हणून आधी दोन्ही ट्रस्टना लेखी कळव, मग त्या पेशंटला शोधून त्याला सांग, आणि तुझ्या प्रशासनाला पत्र दे. पोलिसांत जायचं की नाही ते रुग्णालय ठरवेल, फिर्याद रुग्णालयाने द्यायची असते. तू एकटीने त्याच्या घरी जाऊन भांडू नकोस.

आणि पुढे कागदाला कडी घाल. पैसे कधीही हातात जाऊ देऊ नकोस, धनादेश रुग्णालयाच्या किंवा औषध दुकानाच्या नावाने. इस्टिमेट मूळ प्रतीवरच घ्यायचं आणि मदत दिली की त्याच प्रतीवर मागच्या बाजूला रक्कम, तारीख आणि शिक्का. रुग्णालयाला फोन करायचा तो लेटरहेडवर छापलेल्या नंबरवर नाही, आपण स्वतः शोधलेल्या नंबरवर, आणि विचारायचं, या नोंदणी क्रमांकावर कोणाचं नाव आहे? दोन मिनिटांचं काम आहे. तुझ्या शहरातल्या सात-आठ ट्रस्टच्या कार्यकर्त्यांशी ओळख ठेव, तेच नाव आठवड्यात तिसऱ्यांदा आलं की फोनवर कळतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसणारी केस असेल तर आधी आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे, पाठव, ट्रस्टची पत्रं नंतर. तुमचे वरिष्ठ म्हणतात तो काळ सोकावतो हे खरंच आहे, पण तो सोकावतो कागदाच्या ढिलाईने. पेशंटशी प्रेमाने बोलल्याने कोणी सोकावत नाही. कडी एकदा नीट लागली की माणूस समोर बसल्यावर तुला त्याच्या तोंडाकडे संशयाने बघत बसावं लागणार नाही. शंका असेल ती फोन करून मिटव. त्याच वेळी समोरच्याला पाणी विचार.

मूळ कागद नसला तर काय, हेही ठरवून ठेव. उपचार सुरू, पैसे थांबलेले, असं करता येतं. आजोबांच्या बाबतीत तेवढंच करायला हवं होतं.

लोक कागद का रंगवतात याचाही जरा विचार कर. आपली व्यवस्था नुसत्या गरिबीला पैसे देत नाही. मी नोकरीत होते तेव्हा संजय गांधी निराधार योजनेसाठी उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजारांची होती. महिन्याला १७५० रुपये. एवढ्यात कोणाचं घर चालतं? म्हणजे अर्ज करणाऱ्याला दारातच खोटं बोलायला लावायचं. दिव्यांगांच्या सवलतींना ४० टक्क्यांची रेघ. ३८ टक्के अपंगत्व आलेला माणूस माझ्यासमोर बसून म्हणायचा, "मॅडम, दोन टक्क्यांचं काही बघा ना." त्या दोन टक्क्यांसाठी तो पुढच्या तपासणीला जास्त लंगडत जायचा. मी कधी शब्द टाकला नाही आणि तूही टाकू नकोस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात फसवून लाभ घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि त्यात तो सापडेल, टक्के वाढवून देणारा दलाल नाही. पण त्याला मी लबाड म्हणू शकले नाही. त्याचं दुखणं ३८ टक्के खरं होतं आणि भूक शंभर टक्के.

आता आजचं काम. दुपारची जेवणं झाली, वॉर्ड जरा शांत झाला की स्टूल घेऊन त्या बाईच्या कॉटपाशी बस. उभी राहू नकोस, उभ्या माणसाला कोणी घरचं सांगत नाही. नळाचा विषय काढू नकोस. आठवडाभर आली नाहीस त्याबद्दल आधी सांग, "मधे यायला जमलं नाही, माझं चुकलं." तिला कळलेलं असणार तू का येत नव्हतीस, वॉर्डात सगळं कळतं. मग विचार, पाय गेला त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं? कोण घरी होतं? चहा कोणी केला? अशा साध्या गोष्टी विचार आणि मधे बोलू नकोस. तिने उलट विचारलं, "बाई, तुम्हालाही वाटतं का मी नाटक करते?", तर सांग, "तुम्हाला त्रास होतोय हे मला दिसतंय. कशाने होतोय ते आपण मिळून शोधू." ती मुद्दाम करत असली तरी हे वाक्य खोटं ठरत नाही, आणि करत नसली तरी नाही.

डॉक्टरांशी बोल. त्यांनी तिला आणि नवऱ्याला एकत्र बसवून सांगावं की पायाची नस शाबूत आहे, म्हणजे पाय परत येऊ शकतो, आणि त्यासाठी व्यायाम आणि बोलण्याचे उपचार दोन्ही लागतील. "काही झालेलं नाही" असं सांगू नये. ते ऐकून घरी गेलेली बाई सासरच्यांच्या ताब्यात 'ढोंगी' म्हणून जाते आणि पंधरा दिवसांत दुसरा पाय घेऊन परत येते. तिला चार माणसांत मान खाली न घालता बरं होता आलं पाहिजे. फिजिओथेरपीने फरक पडला, असं तिला सांगता आलं तर सांगू दे. घरी गेल्यावर बोलायला कोणी नसेल, तर टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ हा नंबर तिच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून दे. मराठीत बोलतात, चोवीस तास चालू असतो.

आणि एक गोष्ट तुझ्या देखत होऊ देऊ नकोस. खोटं उघडं पाडायचं म्हणून चिमटे काढणं, नाकाशी अमोनिया धरणं, आग लागली म्हणून ओरडणं. मी हे वॉर्डात होताना पाहिलं आहे आणि पहिल्या वर्षी गप्प राहिले आहे. गप्प राहू नकोस. "हे केसपेपरवर लिहायचं का, सर?" एवढंच विचार. हात थांबतात.

फक्त लहान मुलाच्या बाबतीत माझं सांगणं वेगळं आहे. एखाद्या मुलाचं दुखणं आई किंवा सांभाळणारं माणूस बाजूला असतानाच वाढतं, एरवी नाही, असं दिसलं तर वाट बघत बसू नकोस आणि त्या माणसाला एकटीने विचारायलाही जाऊ नकोस, ते मुलाला घेऊन रातोरात निघून जातात. बालरोग विभागाच्या प्रमुखांना गाठ, मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, कळव, बालकल्याण समितीला कळव, त्याच दिवशी.

तुझ्या शेवटच्या वाक्याबद्दल. प्रत्येक माणूस खोटा वाटतो, असं लिहिलंस. तीन वर्षांत हे होतं, माझंही झालं होतं. त्या आठवड्यात मी रजा घेतली नाही, होम व्हिजिट काढल्या. ज्यांच्या कागदांवर मला शंका होती त्यांच्याच घरी गेले. एका घरात रेशनकार्डावरचा पत्ता खोटा निघाला, कारण ते कुटुंब पुलाखाली राहत होतं आणि पुलाला पत्ता नसतो. भारतात पहिली मेडिकल सोशल वर्कर १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेमली गेली. वॉर्डातून दिसत नाही ते घरी जाऊन बघणारं कोणीतरी हवं, म्हणूनच आपण तिथे असतो. तुझ्या रुग्णालयात होम व्हिजिटला गाडी देत नसतील तर एसटीचे पैसे मागून घे, लेखी माग. पहिली व्हिजिट त्या बाईच्या घरी कर. न्हाणीला दार आहे का बघ.

आजोबा आले की झेरॉक्सवरच केस सुरू कर, त्यांना आधी छातीच्या ओपीडीत बसव आणि मूळ कागदांसाठी मुलाला घरी पाठव. ते सापडले का, मला एका ओळीत कळव.